पाऊण नंबरचा पहिला वाचक

धाकटीनं ब्लॉग सुरू केला तेव्हा ती एकोणीस वर्षांची होती आणि चष्म्याच्या दुकानात मागच्या खोलीत काचा घासायचं काम करत होती. पुढे काका गिऱ्हाइकांचे नंबर काढायचे, फ्रेमा दाखवायचे, गोड बोलायचे. मागे ती मशीनवर काचेची कड घासायची, काच फ्रेममध्ये बसवायची आणि तिळाएवढे स्क्रू आवळायची. काका नात्यातले नव्हते, सगळी गल्लीच त्यांना काका म्हणायची. धाकटीला स्वतःला पाऊण नंबरचा चष्मा होता आणि उंचीही बेताचीच, म्हणून काकांनी तिचं नाव ‘पाऊण’ ठेवलं होतं. ब्लॉगला तिनं ‘पाऊण नंबर’ असंच नाव दिलं.

लिहायची ती दुकानातलंच. एका निवृत्त बसड्रायव्हरनं नवा चष्मा चढवला, शेजारी बसलेल्या बायकोकडे नीट पाहिलं आणि म्हणाला, “अगं, तू कधी म्हातारी झालीस?” बायकोनं त्याचा चष्मा काढून पर्समध्ये टाकला. असलं काहीबाही. आठवड्याला एक नोंद.

एका रविवारी सगळे जेवायला बसले असताना तिनं हे घरी सांगितलं. आई म्हणाली, “रोजनिशी लोक कुलपात ठेवतात. तू चव्हाट्यावर टांगणार?” बाबांनी नुसती मान हलवली. ताई हसली. एकट्या भाऊजींनी विचारलं, “नाव काय ठेवलंस?” आणि तिनं सांगितल्यावर ते फोनमध्ये लिहून घेतलं. भाऊजी असेच होते. सगळ्यांचं ऐकून घ्यायचे, आईच्या हातातलं ओझं घ्यायचे, कधी आवाज चढवायचे नाहीत. आई सगळ्यांना सांगायची, जावई असावा तर असा.

पहिले चार महिने त्या ब्लॉगला दोनच वाचक होते. एक ती स्वतः, दुसरी तिची शाळेतली मैत्रीण, आणि मैत्रिणीनंही तिसऱ्या महिन्यात वाचायचं सोडलं.

पाचव्या महिन्यात ताई चष्मा घेऊन दुकानात आली. चष्मा मोडून येण्याची ही दोन वर्षांतली चौथी वेळ. “पडला गं पुन्हा,” ती म्हणाली, “माझा हातच फुटका.”

धाकटीनं चष्मा दिव्याखाली धरला. चारही वेळा डावीच बाजू. दांडी बिजागरीपाशी आत वळलेली, नाकाचा डावा पॅड दाबला जाऊन चपटा झालेला. दिवसाला दहा मोडके चष्मे तिच्या हाताखालून जायचे. जमिनीवर पडलेला चष्मा कसा मोडतो हे तिला पाठ होतं. हा जमिनीवर पडलेला नव्हता. हा तोंडावर असताना मोडला होता.

तिनं मागच्या खोलीचं दार लोटलं. “ताई, खरं सांग.”

“काय खरं?”

“हा पडलेला नाही.”

ताईनं डावा हात पुढे केला. मधली दोन बोटं सरळ होत नव्हती. “दार लागलं म्हणून सांगितलं होतं ना मी सगळ्यांना? दार लागलं हे खरंच आहे. लावलं कुणी, ते सांगितलं नव्हतं.”

त्यानंतर तीन आठवड्यांनी ताई एक पिशवी घेऊन घराबाहेर पडली. अडीच तासांवरच्या शहरात आईची एक जुनी ओळखीची बाई पुस्तकबांधणीचा कारखाना चालवायची. धाकटीनं तिला गाठलं. बाईंनी जास्त काही विचारलं नाही, फक्त “शिवण येते का?” एवढंच, आणि ताईला कामावर घेतलं. एका बेकरीच्या वर तिसऱ्या मजल्यावर खोलीही पाहून दिली. पत्ता धाकटीखेरीज कुणाला सांगायचा नाही असं ठरलं. आईला तर नाहीच, कारण आईच्या तोंडात तीळ भिजत नसे.

भाऊजी घरी आले. दोनदा, तीनदा, मग दर आठवड्याला. खुर्चीच्या कडेवर बसायचे, डोळे पुसायचे. “कुठे आहे ते नका सांगू. बरी आहे ना, एवढंच सांगा.” आई विरघळायची. धाकटी आतल्या खोलीत दार धरून उभी राहायची आणि भाऊजींचा आवाज ऐकताना तिला त्या चपट्या पॅडची आठवण व्हायची.

याच सुमारास ब्लॉगवर पहिल्यांदा अनोळखी माणसाची प्रतिक्रिया आली. नाव होतं ‘वाटसरू’. त्यानं लिहिलं होतं : “सहज आलो आणि सगळ्या नोंदी वाचूनच उठलो. तुम्ही लिहिता ते डोळ्यांपुढे उभं राहतं. थांबू नका.”

धाकटीच्या अंगावर मूठभर मांस चढलं. तिनं ते दिवसभरात वीसदा वाचलं. काकांनाही दाखवलं.

“कोण हा?” काकांनी विचारलं.

“वाचक,” ती म्हणाली, आणि तो शब्द तोंडातून काढताना तिला फार मोठं झाल्यासारखं वाटलं.

वाटसरू नेमानं यायला लागला. नोंद टाकली की तासाभरात त्याची प्रतिक्रिया. तो चुकाही दाखवायचा, त्यामुळे त्याचं कौतुक खरं वाटायचं. “भावना कमी, वस्तू जास्त,” तो लिहायचा. “बारकावे हे तुमचं बळ आहे. नुसतं ‘रस्ता’ म्हणू नका, कोणता रस्ता ते दिसू द्या.” एवढ्या गंभीरपणे तिच्याशी आजवर कुणी बोललं नव्हतं.

धाकटी एक रविवार आड करून ताईकडे जायची. परत आल्यावर त्याबद्दल लिहिल्याशिवाय तिला राहवायचं नाही. पण ती काळजी घ्यायची. ताई न म्हणता ‘माझी एक मैत्रीण’ म्हणायची, शहराचं नाव लिहायची नाही, ताईचं काम काय तेही नाही. एकटीनं नव्यानं राहायला लागलेली मैत्रीण, तिची खोली, तिची खिडकी. त्या नोंदी तिच्या आजवरच्या सगळ्यांत चांगल्या उतरल्या होत्या, हे तिला स्वतःलाही कळत होतं.

वाटसरूनं विचारलं : “खाली बेकरी आहे म्हणता, मग सकाळी वास येत असेल?” तिनं पुढच्या नोंदीत वास लिहिला. त्यानं विचारलं : “खिडकीतून काय दिसतं?” तिनं पाण्याची टाकी लिहिली, तिच्यावर निळ्या रंगात काढलेला भला मोठा सात, आणि टाकीच्या पायथ्याशी उभ्या असलेल्या बसगाड्या, कारण तिथे बसचा शेवटचा थांबा होता. त्यानं लिहिलं : “वा! आता जिना चढून आल्यासारखं वाटलं.” तेव्हा पुढच्या खेपेस तिनं जिन्याच्या पायऱ्या मोजल्या. एक्कावन्न.

कुणी हरभऱ्याच्या झाडावर चढवत असेल, तर खाली बघायचं भान चढणाऱ्याला नसतं.

दहाव्या महिन्यातला एक गुरुवार. सकाळचे अकरा वाजले होते. ती एका गिऱ्हाइकाची काच मशीनवर लावत होती, तेवढ्यात फोन थरथरला. वाटसरूची प्रतिक्रिया :

“येत्या शनिवारी कामानिमित्त तुमच्या मैत्रिणीच्या शहरात येतोय. त्या बेकरीत एकदा जाईनच. मैत्रिणीचा चष्मा आता नीट बसतो ना?”

धाकटी हसली. उत्तर लिहायला तिनं अंगठा टेकवला आणि तो तिथेच राहिला.

मैत्रिणीला चष्मा आहे, हे तिनं कधी लिहिलं होतं?

तिनं रविवारच्या सगळ्या नोंदी उघडल्या. अकरा होत्या. एकेक ओळ बोटानं सरकवत वाचली. बेकरी होती, टाकी होती, सात होता, एक्कावन्न पायऱ्या होत्या. चष्मा कुठेच नव्हता, शहराचं नावही नव्हतं. मग तिनं वाटसरूच्या पहिल्या प्रतिक्रियेची तारीख पाहिली. ताई घर सोडून गेली त्याला त्या दिवशी बारा दिवस झाले होते. आणि मग तिला जेवणाचं ताट आठवलं, भाऊजींचा शांत आवाज, “नाव काय ठेवलंस?”

मशीनवर काच तशीच फिरत राहिली, कड गेली, टवका उडाला. आवाज ऐकून काका आत आले.

“पाऊण? काय झालं? बोट कापलं का?”

“काका, मला जायचंय. आत्ता.”

“अगं, पण काच—”

“काका, मी भाऊजींना ताईचा पत्ता सांगून बसलेय.”

काकांना ताईचं थोडंफार ठाऊक होतं. त्यांनी मशीन बंद केलं. “जा,” ते म्हणाले. “पोचलीस की मला कळव. आणि पळताना बघून पळ.”

ताईचा फोन बंद होता. कारखान्यात कामावर शिरताना सगळ्यांचे फोन ड्रॉवरमध्ये ठेवायचे, ते सहाला परत मिळायचे. बाईंचा नंबर आईच्या जुन्या वहीत, आणि आईला फोन करावा तर आईकडून तो भाऊजींना जायला वेळ लागणार नाही. साडेअकराची बस होती. ती धावत जाऊन चढली. आज गुरुवार, तो शनिवारी येणार, मध्ये दोन दिवस आहेत, असं ती मनाला समजावत होती. मन ऐकत नव्हतं. वाटेत बस एका थांब्यावर उगीचच दहा मिनिटं उभी राहिली, कंडक्टर चहा पीत होता, आणि धाकटीला त्याच्या अंगावर ओरडावंसं वाटलं.

एक वाजता फोन पुन्हा थरथरला.

“लेखिकाबाई, शनिवारपर्यंत धीर निघाला नाही. तुमच्या बेकरीत बसूनच लिहितोय. वास अगदी तुम्ही लिहिला तसाच. वर जाऊन पाहिलं, पायऱ्या बरोबर एक्कावन्न. दाराला कुलूप आहे. बसतो वाट बघत.”

दाराला कुलूप आहे, म्हणजे ताई कारखान्यात आहे, सहापर्यंत आहे. कारखाना बेकरीपासून चालत दहा मिनिटांवर होता. त्याबद्दल ब्लॉगवर अजून काही नव्हतं. ‘मैत्रिणीचा कारखाना’ या नावाची नोंद लिहून तयार होती, आज संध्याकाळी टाकायची होती. तिनं पहिली ती नोंद पुसली.

पण तो तिथे बसला तर सहाला ताई त्याच्यासमोरच जिना चढणार. आणि धाकटीला बसमधून उतरून कारखान्याकडे जायचं तर बेकरीवरूनच जावं लागणार.

त्याला तिथून उठवायला हवं होतं.

तिनं नवी नोंद उघडली आणि लिहायला लागली. शीर्षक दिलं, ‘मैत्रीण चालली’. लिहिलं, की ती आत्ता रेल्वेस्टेशनवर बसली आहे, फलाट क्रमांक दोन. मैत्रिणीनं आज सकाळीच खोली सोडली, दोन-चाळीसच्या गाडीनं ती बंदराच्या गावी चालली आहे, कायमची. बॅगेचं एक चाक निखळलंय, म्हणून दोघींनी ती उचलून जिना चढवली. पाणपोईचा नळ गळतोय, त्याखाली कुणीतरी डबा ठेवलाय आणि डबा भरून वाहतोय. मैत्रीण केळी आणायला गेली आहे, तेवढ्यात हे लिहून घेते, कारण गाडी आली की मला रडू येईल.

त्यात एक शब्द खरा नव्हता. बस खड्ड्यांतून उसळत होती, अंगठे चुकत होते, पण तिनं एवढ्या सफाईनं कधी लिहिलं नव्हतं. वाटसरूनं शिकवलेलं सगळं त्यात होतं. भावना कमी, वस्तू जास्त.

एक पंचवीसला तिनं नोंद टाकली. पाच मिनिटं गेली, दहा गेली. उत्तर नाही. एरवी तासभर लावणारा माणूस आज दहा मिनिटांत उत्तर का देत नाही, म्हणून ती घामाघूम झाली. एक अडतीसला एक ओळ आली : “खोली सोडली, तर दाराला कुलूप कुणाचं?”

तिनं लिहिलं : “घरमालकानं लावलं. जुनं मैत्रिणीनं सोबत नेलंय, आठवण म्हणून.”

त्यावर काहीच आलं नाही.

दोनला बस शेवटच्या थांब्यावर पोचली. टाकी, निळा सात, सगळं समोर होतं, तिनं लिहिलं होतं तसंच, आणि तिला ते बघवेना. ती उतरणार तोच बेकरीच्या दारात भाऊजी दिसले. इस्त्रीचा शर्ट, हातात बेकरीचा खोका, दोरीनं बांधलेला. ते रस्त्यावर आले, त्यांनी वर तिसऱ्या मजल्याकडे एकदा पाहिलं, घड्याळ पाहिलं. मग बसकडे पाहिलं. धाकटी सीटच्या मागे खाली बसली. “ओ मॅडम, शेवटचा थांबा आला,” कंडक्टर ओरडला. ती हलली नाही. काही क्षणांनी तिनं डोकं वर काढलं तेव्हा भाऊजी टॅक्सीचं दार लावून घेत होते. टॅक्सी स्टेशनच्या दिशेनं गेली.

कारखान्यात चौदा बायका लांबलचक टेबलांशी बसून घडी घातलेल्या छापील पानांचे फर्मे शिवत होत्या. खळीचा आंबूस वास भरून राहिला होता. धाकटीला बघून ताई सुई हातात घेऊनच उठली.

“आई?” तिनं विचारलं.

“आई बरी आहे. ताई, भाऊजी इथे आलेत.”

ताईनं सुई टेबलावर ठेवली. “कसे?”

धाकटीनं सगळं सांगितलं. फोन दाखवला. ताई उभ्या उभ्या वाचत गेली, नोंदींमागून नोंदी, आणि तिचा चेहरा कोरडा होत गेला.

“पायऱ्यासुद्धा मोजून दिल्यास?” ती शेवटी म्हणाली.

“ताई, मला माहीत नव्हतं गं—”

“तू माझ्याकडे यायचीस ते मला भेटायला, असं मला वाटत होतं.” एवढंच म्हणून तिनं फोन परत दिला. ओरडली असती तर बरं झालं असतं.

कारखान्याच्या बाई मागे येऊन उभ्या होत्या. धिप्पाड बाई, बोटांना सुकलेली खळ. “रडारड नंतर,” त्या धाकटीला म्हणाल्या. “ते जे काही त्यानं लिहिलंय ना, ते पुसलं जायच्या आत सगळं छापून घे. तारखांसकट. प्रिंटर आत आहे.”

ताईनं आपली पिशवी खांद्याला लावली. “बाई, मी आजच निघते. दुसरीकडे कुठेतरी.”

“कुठे? आणि तिथून पुढे कुठे?”

ताईनं बाकीच्या जणींकडे पाहिलं. सगळ्यांचे हात थांबले होते. मग तिनं खांद्यावरची पिशवी खाली ठेवली. “बरं,” ती म्हणाली. “चला, पोलिसांकडेच जाऊ.”

पोलीस ठाण्यात अधिकाऱ्यानं बेचाळीस पानांची चळत पुढे घेतली आणि नोंदी चक्क मोठ्यानं वाचायला सुरुवात केली. खिडकीतली टाकी, पावाचा वास. धाकटीला जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं झालं. वाचता वाचता तो थांबला. “हे सगळं तुम्हीच लिहिलंत? मग त्या माणसाला काय म्हणायचं? पत्ता तर तुम्हीच दिलात.”

“पत्ता तिनं दिला,” ताई म्हणाली. “ही बोटं तिनं नाही मोडली.” आणि तिनं डावा हात टेबलावर, त्या कागदांवर ठेवला.

अधिकाऱ्यानं त्या हाताखालचे कागद नीट जुळवले, पेन घेतलं आणि म्हणाला, “पहिल्यापासून सांगा. सावकाश.”

तासाभरात भाऊजींना बेकरीतून आणलं, स्टेशनवरून ते तिथेच परतले होते. खोका अजून हातात होता. ते कुणावर चिडले नाहीत. “मेहुणी आहे माझी,” ते अधिकाऱ्याला हसून म्हणाले. “लिहिते छान. कौतुक केलं, हा काय गुन्हा झाला?” मग ते धाकटीकडे वळले. “आजचा लेख उत्तम होता बरं का. फलाटावर पाणपोईच नाही, तेव्हा कळलं मला.”

आवाज तोच, जेवणाच्या टेबलावरचा. पण ताईनं मान वळवून प्रथमच सरळ त्यांच्याकडे पाहिलं आणि विचारलं, “पिठाच्या डब्यामागे लपवलेला माझा फोन तुम्हाला सापडला, त्या दिवशी तुम्ही काय केलंत, ते यांना सांगता का मी सांगू?” भाऊजींचं हसू तोंडावर तसंच राहिलं, पण हातातला खोका एका बाजूला कलला आणि त्यांच्या ते लक्षात आलं नाही.

पुढे कोर्टात दीड महिना गेला. भाऊजींनी ताईच्या आसपास फिरकायचं नाही, कुठल्याही मार्गानं संपर्क करायचा नाही, असा आदेश निघाला. बोटांचा खटला उभा राहिला, तो अजून चालू आहे. एक दिवस आईनं जावयानं आणून दिलेला मिक्सर दाराबाहेर ठेवून दिला.

ताई मात्र धाकटीशी बोलत नव्हती. तिनं खोली बदलली. शहर बदललं की नाही, हे धाकटीला कळलं नाही. धाकटीनं रविवारच्या अकराही नोंदी काढून टाकल्या. बाकीचा ब्लॉग पुसायला बसली, तेव्हा काका म्हणाले, “ड्रायव्हरची बायको परवा विचारत होती, आमच्यावरचं ते अजून आहे ना? नातवाला दाखवायचंय. तिला मी काय सांगू?” ती नोंद राहिली. ब्लॉगही राहिला. आता ती लिहायच्या आधी गिऱ्हाइकाला विचारायची. निम्मे नाही म्हणायचे. मग ती काही लिहायची नाही.

ब्लॉगला वर्ष झालं त्याच आठवड्यात ताईचा फोन आला. दोघी एका मोठ्या शहराच्या बसस्थानकावर भेटल्या. हे शहर दोघींच्याही ओळखीचं नव्हतं. बाकावर बसून त्यांनी चहा घेतला. ताईनं केस कापले होते. ती आता शिवायची नाही, पुठ्ठ्यावर सोनेरी अक्षरं उठवायचं काम करायची, आणि त्याबद्दल भरभरून बोलत होती. धाकटी ऐकत होती.

“खोली चांगली आहे,” ताई म्हणाली. “ऊन येतं. पण पत्ता नाही सांगणार तुला.”

“नको सांगूस.”

“राग म्हणून नाही गं.”

“थोडा आहे,” धाकटी म्हणाली.

ताईनं कपातला चहा हलवला. “आहे थोडा,” ती म्हणाली. “जाईल. वेळ लागेल.”

चार वाजता धाकटीच्या गावाची बस लागली. ताईचीही त्याच सुमारास होती, पण कुठल्या फलाटावर ते ती बोलली नाही. दोघी उठल्या. ताईनं तिचा चेहरा दोन्ही हातांत धरला. डाव्या हाताची दोन बोटं गालाला टेकली नाहीत.

“आधी तू जा,” ताई म्हणाली. “बसून घे. आणि खिडकीतून बघू नकोस.”

धाकटी बसमध्ये चढली, वाटेकडच्या सीटवर बसली, आणि बस स्थानकाबाहेर पडेपर्यंत समोरच्या सीटच्या फाटक्या रेक्झिनवरून तिनं नजर हलवली नाही.